जुन्या जीपचे ब्रेक एकसारखे कां झिजत नाहींत?

सोलापूर जिल्ह्यांतील वस्त्यांवर अद्यापिही पुष्कळ जुन्या जीपगाड्या दृष्टीस पडतात. दुसऱ्या महायुद्धाकरितां अमेरिकेंत विलीज कंपनीनें १९४१ पासून जी गाडी बनविली, तिच्याच घडणीची गाडी महिंद्र कंपनीनें १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला, व पुढें ही गाडी आपल्या शेतकरीवर्गाच्या अंगवळणीं पडली. उंसाच्या फडांत, उजनीच्या कालव्याच्या कडेनें, मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतून, जेथें दुसरी मोटार रुतून बसेल तेथें ती चालते. इंजिनाकडे मालकाचें लक्ष असतें, कारण इंजिन बिघडलें कीं गाडी उभी राहते. ब्रेक मात्र बिघडले तरी गाडी चालतच असते, आणि थांबण्याची वेळ येईपर्यंत तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

तक्रार बहुधा अशी असते: ब्रेक दाबला कीं गाडी उजव्या अंगास ओढते. मिस्त्री चाकें उतरवून पाहतो, तों उजव्या चाकाचा लायनर रिव्हेटपर्यंत गेलेला व डाव्याचा जवळ जवळ नवा. उजवा लायनर बदलला जातो, गाडी घरीं येते, आणि कांहीं महिन्यांतच तोच लायनर पुन्हां संपतो. अशा वेळीं दोष लायनरचा नसतो, व पुष्कळदां उजव्या चाकाचाही नसतो. औताच्या जोडींतील एक बैल अंगचोर असला म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यास सूज येते. त्या सुजेवर लेप घालून अंगचोर बैल कामाला लागत नाहीं. येथें उजवें चाक इमानानें ओझें वाहत होतें, आणि ज्या डाव्या चाकाचा जाड लायनर पाहून मालकास समाधान वाटलें, तेंच काम चुकवीत होतें.

कांद्याच्या गोण्या भरून सोलापूरच्या बाजार समितीकडे निघालेली, अथवा तुळजापूरचा घाट उतरणारी, माणसांनीं भरलेली गाडी समोरून ट्रक येत असतां एकाएकीं उजवीकडे ओढली गेली, तर काय होईल हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. शिवाय जुन्या जीपला ब्रेकच्या तेलाची वाट एकच. एक नळी फुटली कीं चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. दोन स्वतंत्र वाटांची योजना अमेरिकेंतील मोटारींवर १९६७ च्या सुमारास सार्वत्रिक झाली. तत्पूर्वीच्या घडणीच्या जीपला तो आधार नाहीं.

आतां सर्वच असमान झीज दोषाची नव्हे. ब्रेक लागतांना गाडीचें वजन पुढें झुकतें, म्हणून पुढच्या चाकांकडे अधिक काम दिलेलें असतें. युद्धकालीन विलीज जीपच्या पुढच्या चाकांतील सिलिंडर १ इंच व्यासाचे, तर मागच्या चाकांतील पाऊण इंचाचे असत. तसेंच एकाच ड्रमांतील दोन शूंपैकीं पुढचा शू फिरत्या ड्रमाबरोबर आपोआप आंत खेंचला जातो व मागचा दूर लोटला जातो. म्हणून पुढचा अधिक झिजतो. याची चिंता करूं नये. परंतु एकाच आंसावरील डाव्या व उजव्या चाकांत ठळक भेद पडला, तर कारण शोधलेंच पाहिजे.

शोध कोठें करावा हें फ्रेंच पंडित पास्कल यानें सतराव्या शतकांतच सांगून ठेवलें आहे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो. पेडल व मास्टर सिलिंडर यांना डावें-उजवें कळत नाहीं. तेव्हां चारही चाकें सारखींच जखडत असतील तर मास्टर सिलिंडराकडे पाहावें. पेडलला सुमारें अर्धा इंच मोकळी चाल नसली, तर तेल परत येण्याचें बारीक छिद्र उघडत नाहीं व दाब आंतच राहतो. पण आंसावरील एकच चाक बिघडलें असेल, तर नळीला जेथें फाटा फुटतो, त्याच्या पुढेंच दोष असला पाहिजे. एवढ्या विचारानें निम्मा शोध होतो व पुष्कळ पैसा वांचतो.

नंतर अधिक झिजलेलें चाक इमानी आहे कीं जखडलेलें आहे, हें ठरवावें. पांच-सहा किलोमीटर सपाट व मोकळ्या रस्त्यावरून, ब्रेक शक्य तितका न लावतां, गाडी न्यावी आणि थांबून प्रत्येक ड्रमाजवळ हात न्यावा. टेकूं नये, कारण जखडलेला ड्रम हात पोळण्याइतका तापतो. ज्याची धग लागते, तें चाक ब्रेक न दाबतांही घासत आहे. चारही ड्रम सारखेच निवांत असून गाडी केवळ ब्रेक दाबतांनाच ओढत असेल, तर समोरचें चाक अंगचोर आहे असें धरून चालावें.

जखडलेल्या चाकाची परीक्षा घरच्या घरीं करतां येते, मात्र ती क्रमानें करावी. बाकीच्या चाकांस दगड लावून तें चाक जॅकवर उचलावें व गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. पेडल एकवार दाबून सोडावें. चाक हातानें फिरत नसेल, तर मागच्या पत्र्यावरील हवा काढण्याचें निपल किंचित सैल करावें. थोडें तेल उडून चाक मोकळें झालें, तर दाब आंत कोंडला होता. मग निपल आवळून पुन्हां पेडल दाबून सोडावें, व या खेपेस रबरी नळी जेथें वरच्या लोखंडी नळीस मिळते तेथील सांधा सैल करावा. सांधा सैल करूनही चाक सुटलें नाहीं, पण निपल सोडतांच सुटलें, तर रबरी नळी आंतून सुजली आहे असें खुशाल समजावें. अशी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पायाच्या जोरानें तेल पुढें जाऊं देते आणि स्प्रिंगच्या अल्प जोरानें परत येऊं देत नाहीं. मागच्या आंसास मात्र दोन्ही चाकांत मिळून एकच रबरी नळी असते. म्हणून मागचें एकच चाक जखडलें असेल तर तिला दोष देऊं नये. निपल सोडूनही चाक मोकळें न झाल्यास तेलाचा प्रश्नच नाहीं. मरगळलेली स्प्रिंग, गंजून अडकलेला पिस्टन, खालच्या खिळीवर धरलेला शू किंवा कोणीतरी फाजील आवळून ठेवलेला शू, यांपैकीं कांहीं तरी सांपडेल. परीक्षा संपल्यावर नळ्यांतील हवा काढण्यास विसरूं नये.

अंगचोर चाक उघडलें असतां लायनर बहुधा काळा व तुळतुळीत दिसतो. तो ओला कशानें झाला हें पाहावें. व्हील सिलिंडरचें रबरी टोपण उचलून आंत ओल दिसली, तर ब्रेकचें तेल गळत आहे. तेल दाट व उग्र वासाचें असेल तर तें आंसांतून ऑइल सील ओलांडून आलें आहे. येथें आपल्या काळ्या मातीचा संबंध येतो. आंसाच्या नळकांड्यावर हवेच्या ये-जा करितां एक लहान टोपण असतें, त्यास ब्रीदर म्हणतात. चिखलानें तें बुजलें, म्हणजे तापलेल्या आंसांतील फुगलेली हवा दुसरी वाट शोधते आणि सीलमधून तेल घेऊन बाहेर पडते. असा ब्रीदर साफ न करतां नवें सील बसविणें म्हणजे फुटक्या बांधावर मातीचा लेप देणें होय. तेल प्यालेला लायनर पेट्रोलनें धुऊनही उपयोग नाहीं. ड्रम तापला कीं आंत मुरलेलें तेल पुन्हां वर येतें.

पावसांत पाण्यांतून गाडी काढल्यावर पहिले दोन-चार ब्रेक विषम लागतात, तो दोष नव्हे. हळू चालवून ब्रेक हलकेच दाबीत गेल्यास लायनर वाळतात. लायनर एका कडेस अधिक झिजून उतरता झाला असेल, तर ड्रम तोंडाशीं पसरला आहे अथवा शू वांकडा आहे. अशा वेळीं लेथवर ड्रम साफ करावयाचा तो एका आंसावरील दोन्ही मिळून करावा, व लायनरही दोन्ही चाकांचे एकदम बदलावे. ब्रेकच्या टाकींत इंजिनाचें तेल कधींही घालूं नये. त्यानें वाट्या फुगतात व वर सांगितलेली जखडण सर्व चाकांत सुरू होते.

ड्रम काढल्यावर धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडविण्याची मिस्त्री मंडळींची संवय आहे, ती सोडली पाहिजे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे; त्याचे तंतू फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनीं प्राणघातक रोग होतात. धूळ ओल्या फडक्यानें टिपावी व फडकें पिशवींत बांधून टाकावें. पोरासोरांस जवळ बसूं देऊं नये.

काम पुरें झाल्यावर प्रथम गाडी जागेवरच तपासावी व पेडल टणक लागल्याखेरीज बाहेर काढूं नये. मग कोरड्या, सपाट, धुळीच्या रानांत ताशीं वीस किलोमीटरच्या आंतबाहेर वेगानें नेऊन, स्टिअरिंग सैल धरून ब्रेक दाबावा आणि उतरून मागें जावें. पुढच्या दोन्ही चाकांचे ओरखडे एकाच रेषेंत सुरू झालेले व सारख्या लांबीचे दिसले पाहिजेत. एक लांब व एक आंखूड दिसल्यास ज्या बाजूचा आंखूड तें चाक पुन्हां उघडावें.