देवळालीचा ताप

हुबळी-धारवाडकडे शब्दांची देवघेव घरोघरी चालते. 'अक्का' आणि 'अण्णा' मराठीने कानडीकडून घेतले, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु आपल्या एका गावाचे नाव इंग्रजीत जाऊन 'वेडा' या अर्थाने रूढ झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

जुन्या इंग्रजी बोलीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डूलॅली होणे म्हणजे डोके फिरणे. शब्द शिपायांचा, आणि त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत!

१८६१ साली इंग्रजांनी देवळालीस लष्करी छावणी वसविली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतण्यापूर्वी येथे येऊन राहत. मुंबईहून त्यांना नेणारी जहाजे मात्र साधारणतः नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. शेवटचे जहाज सुटल्यावर ज्याची मुदत भरे, त्याला पुढील हंगामापर्यंत कित्येक महिने खोळंबून राहावे लागे. हाती शस्त्र नाही, नेमून दिलेले काम नाही; वर उन्हाळ्याचा तडाखा आणि हिवतापाची धास्ती! अशा रिकामपणात कोणी दारूच्या आहारी जाई, कोणी भांडणे उकरून काढी, तर कोणाचे मनच ढासळे. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या छावणीचे वर्णन केले आहे.

अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला, असे सोबती म्हणत. यातील 'टॅप' म्हणजे दुसरे काही नसून आपला 'ताप' होय! पुढे ताप गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. 'विलायत' या शब्दाचे 'ब्लायटी' करणारीही हीच शिपायांची जीभ.

वास्तविक यात देवळालीचा काय दोष? तेथील हवा उत्तम म्हणून लोक मुद्दाम राहावयास जात. आज तेथे भारतीय सैन्याची तोफखाना शाळा आहे. माणसे खचली ती घराच्या ओढीने आणि निरुद्योगी प्रतीक्षेने. नाव मात्र गावाचे झाले.

त्या शिपायांची नावे आज कोणास आठवत नाहीत. त्यांची व्यथा या एका थट्टेच्या शब्दात राहिली आहे. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, एखादा विचित्र शब्द भेटला, तर त्याला हसण्यापूर्वी जरा थांबून विचारावे : बाबा रे, तुझे गाव कोणते?