आंबा, पेरू, लिंबू एकाच अंगणात : दोन झाडांत किती अंतर हवं?

पावसाळा सुरू झाला की नर्सरीत गर्दी होते. पिशवीतलं कलम जेमतेम दोन-तीन फुटांचं असतं. त्यामुळे घरामागच्या जागेत आंबा, चिकू, पेरू, लिंबू, सीताफळ सगळंच मावेल असं वाटतं. पहिली तीन-चार वर्षं ते मावतंही. मग फांद्या एकमेकांत घुसतात, आतलं ऊन बंद होतं आणि झाडं उजेडासाठी नुसती उंच वाढत जातात. फळं कमी होतात, जी लागतात ती शेंड्याला.

तेव्हा एखादं झाड काढावं म्हटलं तर शहरात तेही सोपं नाही. 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार महापालिका आणि नगरपालिका हद्दीत स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. म्हणून मोजमाप खड्डा खणण्याआधीच करायला हवं.

बागेतलं नेहमीचं अंतर किती?

- आंबा, चिकू : 10 मीटर (सुमारे 33 फूट)
- पेरू, कागदी लिंबू : 6 मीटर (सुमारे 20 फूट)
- सीताफळ : 5 मीटर (सुमारे 16 फूट)

आता घरामागची जागा 30 बाय 20 फूट, म्हणजे 600 चौरस फूट आहे असं धरू. 33 फुटांच्या हिशेबाने एका आंब्यालाच हजार चौरस फुटांहून जास्त जागा लागते!

मग छोट्या जागेत आंबा लावायचाच नाही?

लावता येतो, पण झाड लहान ठेवावं लागतं. 'आम्रपाली' ही दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली बुटकी जात 2.5 मीटर अंतरावरही लावली जाते. पेरूच्या बाबतीत लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने 2 बाय 1 मीटरवर लागवडीची पद्धत विकसित केली आहे.

मात्र हे अंतर नियमित छाटणीच्या भरवशावर ठरलेलं आहे. छाटणी होणार नसेल, तर जुनंच अंतर पाळावं.

छाटणीची वेळही झाडागणिक बदलते. पेरूला नव्या फुटीवर फळ येतं, त्यामुळे छाटणी मानवते. आंब्याला मोहोर पक्व फांदीच्या टोकाला येतो, म्हणून फळं उतरवल्यावर लगेच, जून-जुलैत छाटणी उरकावी. दिवाळीच्या सुमारास छाटलं तर त्या वर्षीचा मोहोर जातो. लिंबाच्या वाळलेल्या फांद्या आणि जोमाने सरळ वाढणारे पाणसोट काढले तरी पुरतं.

30 बाय 20 फुटांची मांडणी

जागेची लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे असं समजू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उंच झाडं उत्तरेला ठेवावीत.

- उत्तरेच्या ओळीत आंबा आणि पेरू, एकमेकांपासून 15 फुटांवर.
- त्यांच्या समोर 10 फुटांवर, दोघांच्या मधोमध लिंबू.
- दक्षिणेच्या दोन कोपऱ्यांत पपई. ती पहिल्या वर्षभरातच फळायला लागते आणि दोन-तीन वर्षांत तिचा बहर ओसरतो, तोवर बाकीची झाडं पसरू लागलेली असतात.

कुंपणाच्या भिंतीपासून किमान 5 फूट सोडावेत. पाण्याची टाकी आणि ड्रेनेजच्या पाइपपासून त्याहून लांब राहिलेलं बरं.

शेजार कुणाचा कुणाला?

लिंबाशेजारी कढीपत्ता नको. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या आणि सायला कीड या दोन्ही झाडांवर वाढतात. जागेअभावी दोन्ही जवळ लावलीच, तर कोवळ्या पालवीवर लक्ष ठेवावं. आंबा आणि पेरूची फळमाशीही एकच असते, म्हणून खाली पडलेली फळं रोज उचलावीत.

पपई आणि लिंबाला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. पावसाचं पाणी तुंबतं त्या कोपऱ्यात ती लावू नयेत.

लावण्याआधी

नर्सरीत जाण्यापूर्वी जागेवर चार काठ्या रोवा आणि दोरीने प्रत्येक झाडाच्या पूर्ण घेराचं वर्तुळ आखा. वर्तुळं एकमेकांत शिरत असतील तर यादीतलं एक नाव कमी करा. भर उन्हात वाढलेली तीन झाडं दाटीतल्या सहा झाडांपेक्षा जास्त फळं देऊ शकतात. शिवाय ती हाताने तोडता येतात.