स्थलांतरित म्हटलं की परप्रांतीयच का आठवतो?

स्थलांतराचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा थेट उत्तर भारतातून येणाऱ्या रेल्वेगाड्यांवर जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, आष्टी, पाथर्डी भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात. त्यांना मात्र आपण स्थलांतरितांत धरतच नाही. हा केवळ नजरेचा दोष असता तर चाललं असतं. पण कायदेही याच नजरेने लिहिले गेले, म्हणून रूढ समजुती एकदा तपासायला हव्यात.

गैरसमज : स्थलांतर म्हणजे परराज्यांतून येणारे लोंढे.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यांतले परराज्यात गेलेले साडेपाच कोटींच्या आसपास. बाकी बहुतेक आपल्याच राज्यात, कित्येकदा आपल्याच जिल्ह्यात हललेले. एकूण आकड्यात दोनतृतीयांश स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक लग्न होऊन सासरी गेलेल्या. 45 कोटींचा आकडा भाषणात कुणी परप्रांतीयांच्या नावावर फेकला, तर त्यात आपल्या आया-बहिणीही मोजल्या आहेत, हे त्याला सांगावं.

गैरसमज : मुंबईत माणसं वाढतच चालली आहेत.

कुलाबा ते माहीम-सायन हा मुंबई शहर जिल्हा. 2001 मध्ये तिथे 33.38 लाख लोक होते, 2011 मध्ये 30.85 लाख. म्हणजे घटच झाली. उपनगरं धरूनही दहा वर्षांतली वाढ चार टक्क्यांच्या आत राहिली. खरी वाढ झाली ती ठाणे जिल्ह्यात. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. रत्नागिरीत 2011 मध्ये हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात अवघ्या 832. एकेकाळी मुंबईचं गिरणगाव ज्याच्या जिवावर उभं राहिलं, त्या कोकणातून पुरुष आजही बाहेर जातात आणि शेती, म्हातारी माणसं, देणी-घेणी बायका सांभाळतात. येणाऱ्यांवर आपल्याकडे निवडणुका लढवल्या जातात. ओस पडणाऱ्या वाड्यांवर नाही.

गैरसमज : पाऊस चांगला झाला की ऊसतोडीला कुणी जाणार नाही.

दुष्काळाने माणसं बाहेर काढली हे खरं, पण त्यांना दरवर्षी परत नेते ती उचल. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हिशेब तिच्या नावाने होतो. बाईला स्वतंत्र मजुरी नसते. पुढचे पाच-सहा महिने टनावर पैसे फिटत जातात. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून थोडे रोजचे पैसे हाती येतात. एखादा दिवस आजारी पडलं तर खाडा धरला जातो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मग गावी विहिरीला पाणी असो वा नसो, जावंच लागतं.

याची किंमत सर्वाधिक बायका मोजतात. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा झालेल्या पाहणीतल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिकजणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा वाचून मला आजही सुन्न व्हायला होतं. मुलींचं दुखणं वेगळंच. वयात आलेल्या मुलीला मागे एकटी कुठे ठेवायची, या काळजीने लग्न उरकलं जातं, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचं प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यभरात 22 टक्क्यांच्या आसपास आहे, बीडमध्ये 40 टक्क्यांच्या वर.

गैरसमज : कायदे चांगलेच आहेत, फक्त अंमलबजावणी नाही.

इथे खोट कायद्यातच आहे. स्थलांतरित मजुरांसाठी 1979 मध्ये झालेला कायदा ‘आंतरराज्य’ कामगारांचा होता. बीडचा मजूर बेळगावच्या फडात गेला तर तो त्यात बसायचा. कोल्हापूरला गेला तर नाही. 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेनेही व्याख्येत राज्याची सीमाच धरली. राहणं तेच, पालाची कोपी, म्हणजे झोपडी, तीच, उचलही तशीच, पण हक्क वेगळे.

सगळंच वाईट चाललंय असंही नाही. एकाच रेशनकार्डावर देशात कुठेही धान्य घेण्याची सोय 2019 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि जून 2022 पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. घरचा काही हिस्सा कामाच्या ठिकाणी आणि उरलेला गावी आजी-आजोबांना उचलता येतो, ही मोठी गोष्ट आहे. मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं चालवण्याची योजना आहे. ती हंगामाच्या पहिल्या दिवसापासून उघडली तरच तिचा उपयोग.

स्थानिकांना नोकऱ्या राखून ठेवण्याचे कायदे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा राखणारा हरियाणाचा कायदा नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. आपल्या राज्यात 1960 च्या दशकात रोष दाक्षिणात्यांवर होता, पुढे तो उत्तर भारतीयांकडे वळला. कोयत्याच्या दराला त्यातून एक पैसा वाढ मिळाली नाही. वाढ मिळाली ती संघटनांनी संप आणि वाटाघाटी केल्या तेव्हा, जानेवारी 2024 मध्ये, 34 टक्के.

मतदानाच्या तारखा ठरवतानाही गाव सोडून फडावर गेलेले हे मजूर कुणाच्या नजरेत नसतात. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं आणि विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. आता जनगणना येतेय. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे, तेव्हा गाळप ऐन भरात असेल. प्रगणकांच्या याद्यांत कारखान्यांच्या भोवतालचे कोप्यांचे तळ आताच नोंदवून घ्यायला हवेत.