ठासणीची बंदूक आणि मळसूत्राचा आकडा

अमेरिकेत जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग संचरूपाने विकत मिळतात. पालक आणि मुले मिळून दस्ता घासतात, त्याला तेल पाजतात, पोलादी नळीवर मुद्दाम पातळ गंज चढवून ती तपकिरी करतात. असा पहिला संच निवडताना माहितीपत्रकात एक आकडा दिसतो : '४८ इंचांत १ फेरा' किंवा '२८ इंचांत १ फेरा'. लाकूड कोणते घ्यावे हे आवडीवर सोडता येईल. हा आकडा मात्र पदार्थविज्ञानाच्या आधारेच निवडावा लागतो. तो कसा, ते पाहू.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो गुंडाळा. कर्णाची रेषा पेन्सिलीभोवती मळसूत्रासारखी चढत जाईल. रायफलीच्या नळीत आतून अशाच खाचा असतात. गोळीचा एक फेरा पूर्ण होण्यास नळीची जेवढी लांबी लागते, तोच हा आकडा.

समजा, गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर आहे. ४८ इंच म्हणजे सुमारे १.२२ मीटर. म्हणून गोळी सेकंदाला ४०० ÷ १.२२, म्हणजे सुमारे ३३० फेरे घेईल. २८ इंचांच्या मळसूत्रात हेच फेरे सुमारे ५६० होतील.

मग जास्त फेरे नेहमीच चांगले काय? नाही. गुळगुळीत नळीतील वाटोळी गोळी कडेला घासून वाटेल तशी फिरू लागते आणि फिरकी चेंडूप्रमाणे हवेत वळते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ सालच्या सुमारास याचा अभ्यास केला. खाचांमुळे फिरण्याचा अक्ष गतीच्या दिशेतच राहतो व गोळी सरळ जाते. वाटोळ्या गोळीला एवढ्यासाठी थोडे फेरे पुरतात. उलट फार पिळाच्या खाचांत दारू जास्त झाली, तर गोळीभोवतीच्या कापडाची पकड सुटते.

लांबट गोळीची गोष्ट वेगळी. हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे कार्य करतो आणि तिला उलटवू पाहतो. भोवरा वेगाने फिरेपर्यंतच उभा राहतो, तसेच येथे आहे. गोळी जितकी लांब, तितके फेरे अधिक हवेत.

१८५७ च्या उठावात गाजलेल्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची नळी ३९ इंच होती व मळसूत्र ७८ इंचांत १ फेरा. म्हणजे गोळी नळीत अर्धाच फेरा घेई! ती गोळी जाड, आखूड आणि तळाशी पोकळ होती. वजन पुढे असल्याने एवढे फिरणे पुरे होई.

तेव्हा आधी गोळी ठरवावी, मग नळी. वाटोळ्या गोळीसाठी ४८ ते ६६ इंचांचे संथ मळसूत्र, लांब गोळीसाठी २८ च्या आसपासचे. पहिल्या संचाला वाटोळी गोळीच सोपी.

आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा गुन्हा आहे. आपण कागद, पेन्सिल आणि भोवरा घेऊ. नियम तेच आहेत.