वऱ्हाडातील गृहसुरक्षा आणि अल्पखर्चिक इशारा-उपकरणे : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : घरफोडीपासून संरक्षण मिळवावयाचे तर महागडी यंत्रणाच हवी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात दारावरील चुंबकीय इशारा-घंटी, हालचाल ओळखणारे संवेदक व तत्सम साध्या उपकरणांचे कार्य स्पष्ट केले असून वऱ्हाडातील हवामान, माती व राहणीमान यांच्या कसोटीवर त्यांची उपयुक्तता तपासली आहे. इशारा ऐकणारा माणूस आधी निश्चित केल्याशिवाय कोणतेही उपकरण पूर्ण होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : घरफोडी, इशारा-उपकरण, रीड स्विच, शेजारधर्म, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. मात्र निवारा मिळाला म्हणजे सुरक्षितता मिळाली असे होत नाही. ‘बंद घराचा कडीकोंडा तोडून ऐवज लंपास’ ही बातमी वऱ्हाडातील वृत्तपत्रवाचकांच्या इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्यातील दुःखाची तीव्रताही जाणवेनाशी होते. वस्तुतः कापूस किंवा सोयाबीन विकून आलेली रक्कम, मुलीच्या लग्नासाठी जमविलेले दागिने अथवा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची शिल्लक एका रात्रीत नाहीशी होते, तेव्हा त्या कुटुंबाचे पुढील कित्येक वर्षांचे नियोजन कोलमडते. पैशाहून मोठी हानी मनाची होते. आपल्याच घरात निर्धास्त झोप लागेनाशी होते.

कायद्याने या गुन्ह्याची गंभीर दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत, तर कलम ३३१ नुसार चोरीच्या उद्देशाने रात्री केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु शिक्षेची प्रक्रिया गुन्हा घडल्यानंतर सुरू होते. गुन्हा घडत असतानाच्या पहिल्या दोन-चार मिनिटांत काय करता येईल, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतः सोडवावयाचा असतो. इशारा-उपकरणांचे महत्त्व नेमके तेथेच आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) साध्या इशारा-उपकरणांमागील वैज्ञानिक तत्त्व समजून घेणे.
२) वऱ्हाडातील स्थानिक परिस्थितीत त्यांच्या मर्यादा तपासणे.
३) सामान्य कुटुंबास परवडेल अशी व्यवहार्य योजना सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. त्यासाठी उपकरणांची ज्ञात तत्त्वे, साधे गणित आणि या प्रदेशातील राहणीमानाचे निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वऱ्हाडाला सुरक्षिततेचा प्रश्न नवा नाही. अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवतीचा परकोट १८०७ च्या सुमारास निजामाच्या राजवटीत उभारला गेला. येथील धनिक व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांच्या लुटीपासून वाचविणे हा त्याचा हेतू होता. जवाहर गेट, अंबागेट ही नावे त्या व्यवस्थेची आठवण आजही देतात. अकोल्याचा असदगड आणि खेडोपाडीच्या मातीच्या गढ्या यांच्यामागेही संरक्षणाची गरज होतीच.

मात्र तट-बुरूज केवळ अडथळा निर्माण करतात. धोक्याची वर्दी देण्यासाठी माणूस लागतो. गावगाड्यात हे काम जागल्याकडे असे. ही सेवा जातीच्या आधारे लादलेली होती आणि तिचा मोबदला तुटपुंजा होता, हे विसरता येणार नाही. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. परंतु ‘कोणीतरी जागे आहे’ हा तिने दिलेला दिलासाही तिच्याबरोबर गेला. शहरालगतच्या नव्या ले-आऊटमध्ये घरे दूरदूर, शेजारी अनोळखी आणि अनेक भूखंड रिकामे असतात. जागल्याची ती रिकामी जागा भरून काढण्याचे काम आज यंत्र व शेजारी यांनी मिळून करावयाचे आहे.

यंत्राची कल्पना पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात पुढे आली. अमेरिकेतील ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटीचे एकस्व मिळविले. दार किंवा खिडकी उघडताच विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी, अशी ती रचना होती. पुढे १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी रीड स्विच शोधून काढला. आज बाजारात काही शे रुपयांत मिळणारी दाराची घंटी या दोन कल्पनांच्या संयोगातून साकारली आहे.

४. उपकरणांचे कार्य

४.१ चुंबकीय दारघंटी : काचेच्या लहान नळीत लोहयुक्त धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. जवळ चुंबक आणले की त्या एकमेकींना चिकटतात व दूर नेले की सुटतात. हाच रीड स्विच होय. स्विच चौकटीवर आणि चुंबक दारावर बसविले की दार उघडल्याची वर्दी मिळते.

याची जोडणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात दार उघडल्यावर मंडल पूर्ण होते. परंतु चोराने आधीच तार कापली तर घंटा मुकी होते. दुसऱ्या प्रकारात दार बंद असतानाच अत्यल्प प्रवाह वाहत राहतो. रीड स्विच हा प्रवाह ट्रान्झिस्टरकडे जाऊ न देता परस्पर वळवितो. दार उघडले अथवा तार तुटली की प्रवाह ट्रान्झिस्टरकडे जाऊन घंटा वाजते. दुसरा प्रकार निश्चितच अधिक विश्वसनीय आहे.

सतत प्रवाह वाहिल्याने बॅटरी लवकर संपेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. नऊ व्होल्टची बॅटरी व एक लाख ओहमचा रोध घेतल्यास प्रवाह केवळ ९० मायक्रोअँपिअर असतो. बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तास धरली तर ती सुमारे साडेपाच हजार तास, म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ पुरते. हे उपकरण बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी त्याचे काम थांबत नाही.

यात एक दक्षता आवश्यक आहे. साध्या जोडणीत दार पुन्हा लोटले की आवाज बंद होतो. म्हणून एकदा सुरू झालेली घंटा किल्ली फिरविल्याशिवाय थांबू नये, अशी सोय असलेले उपकरण निवडावे किंवा थायरिस्टर हा घटक वापरून तशी जोडणी करून घ्यावी. तसेच घंटा व स्विच एकाच डबीत असल्यास ती डबी ओरबाडून फेकता येते. त्यामुळे भोंगा वेगळा व उंचावर बसविणे इष्ट ठरते.

४.२ हालचाल-संवेदक : मानवी शरीरातून निघणारी अवरक्त उष्णता टिपून हे उपकरण कार्य करते. शरीर व सभोवतालच्या भिंती यांच्या तापमानातील फरक त्याला लागतो. त्वचेचे तापमान साधारणतः ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात अकोला-अमरावतीत दिवसाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबच्या बंद घरातील भिंती रात्रीही तापलेल्या राहतात. अशा वेळी भिंत व माणूस यांच्यातील फरक अतिशय कमी होऊन संवेदकाची नजर मंदावते. नेमक्या याच दिवसांत लग्नसराई व सुट्यांमुळे घरे बंद असतात, हे लक्षात घ्यावयास हवे. याउलट कूलरच्या झोताने हलणारा पडदा, मांजर किंवा संवेदकावरून सरकणारी पाल यांमुळे विनाकारण इशारा होऊ शकतो. म्हणून वऱ्हाडात हा संवेदक पूरक म्हणून वापरावा. मुख्य भिस्त दारघंटीवरच ठेवावी.

४.३ इतर साधने : दाराखाली सरकवावयाची पाचरीच्या आकाराची घंटी, खिडकीच्या काचेचे कंपन ओळखणारी घंटी आणि अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा ही साधनेही उपयोगी आहेत. मागील दाराच्या कडीला अडकविलेली पितळी घंटी किंवा आतून टेकवून ठेवलेली भांड्यांची उतरंड हे आपल्या आजीच्या काळातील उपायही तत्त्वतः इशारा-उपकरणेच होत.

५. वऱ्हाडातील विशेष अडचणी

पहिली अडचण मातीची आहे. येथील काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परिणामी भिंतींना तडे जातात, चौकटी किंचित तिरप्या होतात आणि लाकडी दारेही पावसाळ्यात फुगतात. चुंबक व स्विच यांतील अंतर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा वाढले की घंटा अकारण वाजू लागते. दोन-चार वेळा असे घडले की घरातील मंडळी वैतागून ती बंद करून ठेवतात, आणि उपकरण असूनही घर असुरक्षित राहते. यावर उपाय सोपा आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा अंतर तपासावे व त्याच वेळी बॅटरी बदलावी.

दुसरी अडचण कूलरची आहे. खिडकीत बसविलेल्या कूलरच्या आवाजात बाहेरचा आवाज दबून जातो. शिवाय त्यासाठी खिडकीचे गज काढले असल्यास ती खिडकी प्रवेशमार्ग ठरते. कूलरची चौकट भिंतीला पक्की करून तेथेही एक स्विच बसविणे आवश्यक आहे.

तिसरी बाब गच्चीवर झोपण्याच्या प्रथेची. उकाड्यामुळे कुटुंब गच्चीवर आणि खाली घर मोकळे, अशी स्थिती उद्भवते. अशा घरात भोंगा खालच्या खोलीत असून उपयोग नाही. तारेने जोडलेली दुसरी घंटी गच्चीवर, उशाशी असावी.

६. इशारा कोणासाठी ?

इशारा-उपकरणाची संवेदक, विद्युतमंडल व भोंगा ही तीन अंगे आपण बाजारातून आणतो. चौथे अंग, म्हणजे तो आवाज ऐकून हालचाल करणारी व्यक्ती, बाजारात मिळत नाही. घरात माणसे असतील तर ती स्वतःच श्रोता असतात. परंतु बंद घराच्या बाबतीत शेजारी हाच एकमेव श्रोता होय.

आवाजाचे गणितही हेच सांगते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. एक मीटरवर १०० डेसिबल असणारा भोंगा सोळा मीटरवर सुमारे ७६ डेसिबल ऐकू येतो. मध्ये विटांची भिंत आल्यास त्यात आणखी मोठी घट होते. म्हणून भोंगा दिवाणखान्यात लावण्याऐवजी ज्यांना विनंती केली आहे त्या शेजाऱ्यांच्या खिडकीच्या दिशेने, पावसापासून आडोशाला लावावा. तो काही मिनिटांनी आपोआप थांबावा, अशीही सोय हवी. शेजाऱ्यांची झोप वारंवार मोडली तर पुढे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते.

गावाला जाताना शेजाऱ्यांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात : घंटेचा आवाज कसा आहे, ती वाजल्यास कोणाला फोन करावा आणि ती कशी बंद करावी. आवाज ऐकताच एकट्याने धावून जाणे धोक्याचे आहे. आपल्या घरातील दिवे लावावेत, मोठ्याने हाका मारून इतरांना जागे करावे व ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. चोरी झाली असल्यास पोलीस येईपर्यंत कोणत्याही वस्तूस हात लावू नये, कारण ठसे पुसले जातात. खेड्यात पोलीस पाटलांनाही तत्काळ वर्दी द्यावी.

७. एक गंभीर इशारा

शेतातील पिके रानडुकरांपासून वाचविण्यासाठी कुंपणात वीज सोडल्याने माणसे दगावल्याच्या घटना विदर्भात घडल्या आहेत. घराच्या दाराला, जाळीला किंवा कुंपणाला घरगुती वीज जोडण्याचा विचारही कोणी करू नये. त्यात घरचे मूल, दूधवाला किंवा शेजारी यांचाच बळी जाण्याची शक्यता असते आणि घरमालकावर गंभीर गुन्हा दाखल होतो. इशारा-उपकरणाचे काम हाक मारण्याचे आहे. शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून ते नेहमी बॅटरीच्या कमी दाबावरच चालवावे.

८. निष्कर्ष व सूचना

१) वऱ्हाडातील हवामानात बंद-मंडल पद्धतीची चुंबकीय दारघंटी हे कमी खर्चाचे व सर्वाधिक भरवशाचे साधन आहे.
२) पुढील दारापेक्षा मागील दार, जिन्याचे दार व कूलरची खिडकी यांना प्राधान्य द्यावे.
३) बाहेर लोंबणारे कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरातच करते, शक्य तेथे दारात बसविलेले कुलूप वापरावे.
४) घंटी वेळ मिळवून देते, ऐवज सांभाळत नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये व पिकाची रक्कम खात्यात ठेवणे हे पहिले पाऊल होय.
५) महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून अशा घंट्या तयार करून बसविण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. विद्यार्थ्यांना मंडलाचा पाठ मिळेल व एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आधार मिळेल.

परकोटाच्या काळी संपूर्ण शहराने मिळून एक भिंत बांधली. आज प्रत्येक जण स्वतःभोवती वेगळी भिंत बांधतो आणि तिच्या आत भीत राहतो. काही शे रुपयांची घंटी या भिंतीला कान देऊ शकते. मात्र ती बसविण्यापूर्वी शेजारच्या दारी जाऊन ‘आमची घंटा वाजली तर जरा लक्ष असू द्या’ एवढे म्हणावे लागते. या एका वाक्याला खर्च काहीच येत नाही, आणि त्यावाचून उरलेला सर्व खर्च व्यर्थ ठरतो.