सोलापूर-मुंबई विमान अर्ध्या तासात का पोहोचत नाही?

सोलापूरहून मुंबईला १५ ऑक्टोबर २०२५ पासून विमान सुरू झाले. रेल्वेने हे अंतर ४५५ किलोमीटर आहे, म्हणून विमानालाही तेवढेच पडत असेल असे अनेकांना वाटते. पण रेल्वे पुण्यावरून वळसा घेऊन बोरघाट उतरते. विमानाची सरळ रेषा जेमतेम ३६० किलोमीटरची.

मग जेटचा वेग ताशी आठशे धरला, तर सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून अर्ध्या तासात मुंबई यायला हवी! तिकिटावर मात्र वेळ साधारण तासाभराचा असतो. तो विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची सरपट, चढण, उतरण, सगळे त्यात आले. दहा हजार फुटांखाली तर वेगावर ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की आकाशात घिरट्या आल्याच. एवढ्या छोट्या मार्गावर विमानाला पूर्ण वेगाने उडायला मिळते ते थोडाच वेळ.

लांबच्या प्रवासात गैरसमज आणखी रंगतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली लंडन आपोआप सरकत येईल, असे ठासून सांगणारे भेटतात. तसे होत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतले विमानही. उलट मुंबईहून लंडनला जायलाच परतीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात.

या वाऱ्यांचा हिशेब एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये करून दाखवला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० वर गेला. तरी वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले.

भिंतीवरचा नकाशाही फसवा. त्यावर मुंबई-न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ भूमध्य समुद्राजवळून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा: तो नॉर्वे, आइसलँडवरून जातो आणि खरा जवळचा मार्ग तोच. अर्थात तो नेहमी मोकळा असेलच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या अनेक विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला.

एक शेवटचे. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करू नका. प्रवासाचा कालावधी तिकिटावर वेगळा दिलेला असतो, तो पाहा. आणि परदेशातून येणाऱ्या मुलाला घ्यायला मुंबईला जाणार असाल, तर विमान उतरण्याची तारीख नीट विचारून घ्या. अमेरिकेहून निघालेले विमान बहुधा दुसऱ्या तारखेला उतरते.