खुनी ठाऊक असताना

रहस्यकथेची गोडी एकदाच, खुनी कोण ते कळलं की तिच्यात राम उरत नाही, असं सर्रास मानलं जातं. हे मला पटत नाही. रहस्य प्रामाणिकपणे रचलंय की प्रेक्षकाला नुसतंच चकवलंय, याचा निवाडा दुसऱ्यांदा पाहतानाच होतो. त्यासाठी ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका एकेक भाग घेऊन, सावकाश, पुन्हा पाहण्याजोगी आहे. बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली आणि तिचे पुढचे भाग १९९७ मध्ये. रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि ब्योमकेशची पत्नी सत्यवती हिच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. मूळ कथा शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या. चित्रपटांसाठी लिहायला १९३८ मध्ये मुंबईत आलेले हे बंगाली लेखक पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि ब्योमकेशच्या नंतरच्या कित्येक कथा त्यांनी पुण्यातच लिहिल्या. इथून पुढे तीन भागांची रहस्यं उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून घ्यावेत.

पहिला भाग ‘सत्यान्वेषी’. कोलकात्यातली भाड्याच्या खोल्यांची मेस, ती चालवणारे होमिओपॅथीचे डॉक्टर अनुकूलबाबू, आणि खोली शोधत आलेला अतुल नावाचा तरुण. जागा नाही असं डॉक्टर सांगतात आणि अजित त्याला आपल्याच खोलीत घेतो. पहिल्यांदा पाहताना यात फक्त अजितचा भलेपणा दिसतो. मग कळतं की अतुल म्हणजेच ब्योमकेश आणि औषधांच्या आडून कोकेनचा धंदा करणारा खुनी म्हणजे डॉक्टरच. हे माहीत असताना तोच प्रसंग पाहा. गुन्हेगार आपल्या दाराशी आलेल्या शोधकाला न ओळखता परत पाठवू पाहतोय आणि ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, तो भाबडा माणूस त्याला आत आणतोय. त्यानंतर मेसमधल्या प्रत्येक गप्पेत दोन माणसं एकमेकांसमोर सोंग वठवत असतात. डॉक्टरांचा समजूतदार, वडीलधारा सूर पहिल्यांदा धीर देतो. दुसऱ्यांदा त्याच सुराने अंगावर काटा येतो. संवाद तेच, अभिनय तोच, पण पाहणाऱ्याला आता दोन्ही बाजू दिसतात. एवढा ऐवज पहिल्या खेपेला हाती लागणं शक्यच नव्हतं. (शरदिंदूंनी आधी ‘पथेर काँटा’ लिहिली होती, ब्योमकेश-अजितच्या पहिल्या भेटीची ही कथा नंतरची. मालिकेने मात्र सुरुवात भेटीपासून केली आणि ते योग्यच झालं.)

‘पथ का काँटा’मध्ये भर रस्त्यात ग्रामोफोनच्या पिना छातीत घुसून माणसं मरतात आणि हत्यार असतं सायकलची घंटी. खिशातल्या घड्याळामुळे वाचलेल्या गृहस्थाला ब्योमकेश विचारतो, काही आवाज ऐकलात का? घंटीचा उल्लेख तिथेच येऊन जातो. लेखकाने काहीही लपवलेलं नसतं. रोजच्या आवाजाकडे आपलंच लक्ष नसतं. ‘मकडी का रस’ तर याबाबत आदर्श आहे. घरच्यांचा कडक पहारा असूनही एक आजारी म्हातारा कोळ्याच्या विषाची नशा करत असतो. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून तो अजितला पाठवतो. अजितला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि त्यात म्हाताऱ्याची लाल शाई असतेच. उत्तर समोर ठेवूनच प्रश्न घातलेला असतो.

यावर एक आक्षेप निघतो: मर्यादित खर्चात, साध्या नेपथ्यावर झालेल्या चित्रीकरणात इतकी कारागिरी शोधणं म्हणजे आपल्या मनातलं पडद्यावर पाहणं. पडद्याचा रंग किंवा टेबलावरचा पेला यांत अर्थ काढणाऱ्यांना तो लागू पडतोही. पण घंटीचा उल्लेख किंवा लाल शाई काढून टाकली तर शेवटचा उलगडाच कोसळतो. त्या गोष्टी योगायोगाने आलेल्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की ही सगळी जुन्या दूरदर्शनच्या आठवणींची माया आहे. माया असती, तर पुन्हा पाहताना दोष दिसले नसते. ते दिसतात. ब्योमकेश पोलिसांच्या संमतीने मेसमध्ये राहत होता हे ‘सत्यान्वेषी’ शेवटपर्यंत आपल्यापासून लपवते, आणि प्रेक्षकाला बरोबरीने खेळू देण्याच्या कसोटीवर हा भाग ‘मकडी का रस’पुढे उणा पडतो. तरीही दोघांच्या सोंगांमुळे पुन्हा पाहण्यात जास्त रंगतो तोच.

एका बैठकीत पाच-सहा भाग संपवले तर यातलं काहीच हाती लागणार नाही. एका वेळी एकच भाग पाहा, ब्योमकेश उलगडा सांगू लागण्याआधी थांबवा, आणि कोणाला काय कधी कळलं हे आधी स्वतः मांडून पाहा. सुरुवात ‘मकडी का रस’पासून करा.